खोलीच्या ध्वनीसाठी मोजमापाचा माइक: परवडणारा कोणता घ्यावा आणि घेतल्यावर काय करावं

बारा बाय दहाची बेडरूम रिकामी करून स्टुडिओ थाटायचा, चांगल्यापैकी मॉनिटर स्पीकर आणायचे, रात्र रात्र बसून मिक्स करायचं आणि तेच गाणं गाडीत लावलं की बेस गायब. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे येतं. खोलीत बेस जास्त ऐकू येत होता म्हणून हाताने कमी केला गेला, आणि खोलीबाहेर तो उरलाच नाही. रियाजाच्या खोलीत हाच प्रकार वेगळ्या रूपात दिसतो. एका जागी बसलं की तंबोऱ्याचा खर्ज अंगावर येतो, दोन हात सरकलं की हरवतो. कानांना हे सगळं जाणवतं. पण फुगवटा नेमका किती हर्ट्झला आहे, किती डेसिबलचा आहे आणि तो स्पीकरमुळे आहे की भिंतीमुळे, हे कान सांगत नाहीत. त्यासाठी मोजमापाचा माइक लागतो.

तो महागच असावा असं अजिबात नाही. घरच्या खोलीसाठी स्वस्त गटातला माइक पुरतो. अट एवढीच, की त्याच्यासोबत त्याच नगाची कॅलिब्रेशन फाइल, म्हणजे तो माइक कुठे किती चुकतो त्याची यादी, हवी, आणि तो कुठे, कसा उभा करायचा हे नीट ठरवायला हवं. जास्त पैसे मोजून जो फरक पडतो, त्याच्या कितीतरी पट फरक या दोन गोष्टींनी पडतो.

पहिली पायरी: माइक शोधण्याआधी टेप घेऊन खोली मोजा

लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये लिहून घ्या. हवेत आवाज २० अंश तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. या ३४३ ला प्रत्येक मापाच्या दुपटीने भागलं की त्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये कोणता सूर अडकून घुमणार ते कळतं. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, त्याचा सूर ४७ हर्ट्झ. दहा फुटांचा ५६. साडेनऊ फूट उंचीच्या स्लॅबचा ५९. मग त्यांच्या पटी: ९४, ११२, ११८. चारही भिंतींमध्ये मिळून घुमणारे सूर वेगळेच, त्यातला पहिला या खोलीत ७३ हर्ट्झच्या आसपास येतो. काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाचा मूळ स्वर ६९ हर्ट्झ, म्हणजे त्याच्या अगदी शेजारी. खोली खर्जाला कुठे उचलते आणि कुठे गिळते ते इथे कळतं.

हे सूर खालच्या पट्ट्यात एकमेकांपासून सुटे सुटे असतात, म्हणून एकेकटे उठून दिसतात. वर जाऊ तसे ते इतके दाटतात की एकमेकांत मिसळून जातात. ही सीमा साधारण कुठे आहे हे ध्वनिशास्त्रज्ञ मान्फ्रेड श्रोडर यांच्या सूत्रावरून काढता येतं: आवाज विरायला लागणाऱ्या सेकंदांना खोलीच्या घनफळाने भागा, वर्गमूळ घ्या, २००० ने गुणा. आपल्या उदाहरणातल्या खोलीचं घनफळ ३२ घनमीटर आणि विरण्याचा काळ अर्धा सेकंद धरला, तर उत्तर येतं २५० हर्ट्झ.

माइकच्या निवडीशी याचा थेट संबंध आहे. मोजून, जागा बदलून, ईक्यू (ठरावीक पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करणारी सोय) लावून जे खरोखर दुरुस्त करायचं असतं ते बहुतेक या २५० ते ३०० हर्ट्झच्या खाली असतं. १०० हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर. स्वस्त माइकची कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणारा टोकाचा भाग, असते ६ मिलिमीटर. एवढ्या लांब लाटेपुढे ती कॅप्सूल आवाजात काहीच ढवळाढवळ करत नाही, आणि त्यामुळे या पट्ट्यात स्वस्त आणि महाग माइकचे आलेख जवळजवळ एकमेकांवर बसतात. फरक पडतो तो मुख्यतः ५ किलोहर्ट्झच्या वर, आणि थोडा अगदी तळाला, ३० हर्ट्झच्या खाली.

एवढा चांगला माइक एवढ्या कमी पैशांत मिळतो याचं श्रेय इलेक्ट्रेटला आहे. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यात विद्युतभार कायमचा कोंडून ठेवणारा माइक बनवला. कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलला लागणारा बाहेरचा जास्त दाबाचा वीजपुरवठा त्यामुळे लागेनासा झाला, आणि कॅप्सूलची किंमत कोसळली. आपण घेणार आहोत ते स्वस्त माइक याच जातीचे.

दुसरी पायरी: घरात आहे त्या माइकवर भागेल का, हे एकदा मिटवून टाका

नाही भागत. शुअरचा एसएम५८ गायकासाठी उत्तम आहे, पण तो समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकतो, जवळ आणला की बेस वाढवतो आणि शब्द स्पष्ट यावेत म्हणून वरच्या पट्ट्यात मुद्दाम उठाव देतो. रेकॉर्डिंगचा मोठ्या पडद्याचा कंडेन्सरही बहुतेक वेळा एकाच दिशेला तोंड करून ऐकणारा असतो. खोली मोजायची म्हणजे स्पीकरचा थेट आवाज आणि भिंती, छत, फरशी यांच्यावरून परतणारा आवाज, दोन्ही सारख्या न्यायाने टिपायचे. त्यामुळे ओम्नी, म्हणजे चहूबाजूंनी सारखं ऐकणारा माइकच हवा.

मोबाइलच्या ॲपवर आवाजाची पातळी अंदाजाने बघता येते, पण आलेखासाठी मोबाइलचा माइक धरू नका. त्याची फाइल नसते, आणि फोन आवाजावर आतल्या आत काय प्रक्रिया करतो यावर आपला ताबा नसतो. होम थिएटरच्या रिसीव्हरसोबत येणारा छोटा माइक हासुद्धा त्या रिसीव्हरपुरताच ठेवावा. त्याची दुरुस्ती रिसीव्हरच्या आत साठवलेली असते. तो काढून लॅपटॉपला लावला तर ती दुरुस्ती मागेच राहते.

तिसरी पायरी: यूएसबी की एक्सएलआर

खरा निर्णय इथे आहे. ब्रँडचा क्रम नंतर येतो.

यूएसबी माइकमध्ये कॅप्सूल, क्षीण आवाज वाढवणारा प्रीअँप आणि आवाजाचे आकडे करणारा कन्व्हर्टर असं सगळं एकाच नळीत बसवलेलं असतं. लॅपटॉपला जोडा आणि मोजायला लागा. याचा मोठा फायदा म्हणजे आतला गेन, म्हणजे आवाज किती वाढवायचा ते प्रमाण, ठरलेला असतो. त्यामुळे माइकची संवेदनशीलता फाइलमध्येच लिहून देता येते, आणि रूम ईक्यू विझार्डसारखं मोजमापाचं सॉफ्टवेअर ती वाचून थेट खऱ्या डेसिबलमध्ये पातळी दाखवतं. वेगळा साउंड लेव्हल मीटर विकत घ्यावा लागत नाही.

तोटा घड्याळाचा. यूएसबी माइक स्वतःच्या घड्याळावर चालतो आणि आवाज वाजवणारा इंटरफेस किंवा साउंडकार्ड त्याच्या घड्याळावर. त्यामुळे आवाज स्पीकरमधून निघून माइकपर्यंत पोचायला नेमका किती वेळ लागला, हे सरळ कळत नाही. डावा आणि उजवा स्पीकर वेळेत जुळवायचे असतील, किंवा सबवूफर मुख्य स्पीकरशी जुळवायचा असेल, तर हा वेळच महत्त्वाचा असतो. रूम ईक्यू विझार्डमध्ये यावर तोडगा आहे. अकूस्टिक टायमिंग रेफरन्स निवडला की प्रत्येक मोजणीच्या आधी एका ठरावीक स्पीकरमधून छोटीशी चिवचिव वाजते आणि वेळ तिच्यापासून मोजला जातो. घरच्या सबवूफरच्या जुळणीसाठी एवढं पुरतं. आणखी एक गैरसोय विंडोजवाल्यांना जाणवते: एएसआयओ हा ऑडिओसाठीचा खास ड्रायव्हर एका वेळी एकच उपकरण हाताळतो, त्यामुळे यूएसबी माइक आणि इंटरफेस एकत्र वापरताना विंडोजचे साधे ड्रायव्हर निवडावे लागतात.

एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या केबलच्या माइकला, त्याच केबलमधून ४८ व्होल्टची वीज (फॅन्टम पॉवर) देणारा ऑडिओ इंटरफेस लागतो. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांकडे तो बहुधा असतोच. त्याचा दुसरा आउटपुट साध्या केबलने दुसऱ्या इनपुटला जोडला की लूपबॅक तयार होतो. वाजलेला आणि ऐकलेला आवाज दोन्ही एकाच घड्याळावर येतात आणि वेळेचा हिशोब अचूक लागतो. नाट्यगृह, मंगल कार्यालय किंवा मंडपातली साउंड सिस्टीम जुळवायची असेल तर एक्सएलआरच घ्या. तिथे ‘स्मार्ट’ (Smaart) किंवा फुकट मिळणारं ‘ओपन साउंड मीटर’ यांसारखी, दोन वाहिन्यांची तुलना करणारी सॉफ्टवेअर वापरतात. शिवाय वायर लांब न्यावी लागते. एक्सएलआर केबल वीस मीटर खुशाल न्या, साधी यूएसबी केबल पाच मीटरच्या पुढे कुरकुरते.

एक्सएलआरमध्ये सांभाळायचं ते इंटरफेसच्या गेनच्या नॉबला. पातळी एकदा जुळवल्यावर नॉब जरासा जरी हलला तरी दाखवले जाणारे डेसिबल खोटे ठरतात. नॉबवर आणि त्याच्या शेजारच्या पट्टीवर मार्करने एकेक बारीक रेघ ओढून ठेवा.

माझं मत स्पष्ट आहे. इंटरफेस नसेल आणि काम घरापुरतं असेल तर यूएसबी. इंटरफेस आधीच असेल, किंवा उद्या हॉलमध्ये मोजायची शक्यता असेल, तर एक्सएलआर. फक्त मोजमापासाठी म्हणून नवा इंटरफेस विकत घेऊ नये. त्या पैशांत आवाज शोषणाऱ्या रॉकवूलचे दोन-तीन पॅनेल होतात आणि खोलीला त्यांचाच उपयोग जास्त.

चौथी पायरी: कॅलिब्रेशन फाइल आहे का, आणि ती कोणाची आहे

कारखान्यातून निघालेले एकाच मॉडेलचे दोन माइक हुबेहूब सारखे ऐकत नाहीत. म्हणून चांगले विक्रेते प्रत्येक नग संदर्भ माइकशी ताडून पाहतात आणि फरकाची यादी फाइलमध्ये देतात. फाइल म्हणजे साधा मजकूर, दोन रकाने. पहिल्यात हर्ट्झ, दुसऱ्यात डेसिबल. समजा एका ओळीत १०००० आणि पुढे १.८ असं लिहिलंय. याचा अर्थ, १० किलोहर्ट्झला हा माइक खऱ्यापेक्षा १.८ डेसिबल जास्त दाखवतो. सॉफ्टवेअर तेवढं वजा करतं. काम एवढंच, पण या फाइलशिवाय वरच्या पट्ट्यातला आलेख माइकचा आहे की स्पीकरचा, हे सांगता येत नाही.

विकत घेताना तीन गोष्टी विचारा. फाइल या नगाच्या सिरियल क्रमांकाची आहे की सगळ्या मॉडेलला मिळून एकच? सिरियल क्रमांक माइकवर छापलेला आहे का? आणि ० अंश व ९० अंश अशा दोन्ही फाइली मिळतात का?

तिसऱ्या प्रश्नाकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. माइकचं टोक थेट स्पीकरकडे असेल तर ० अंशाची फाइल लावायची. टोक छताकडे असेल तर ९० अंशाची. एक किलोहर्ट्झच्या खाली दोन्हींत फरक जाणवत नाही, पण १० किलोहर्ट्झच्या पुढे तो काही डेसिबलचा होतो. टोक छताकडे आणि फाइल ० अंशाची, अशी गल्लत झाली तर आलेखात वरचा पट्टा पडलेला दिसतो. मग माणूस ईक्यूने तो उचलतो, आणि सतार, झांज, स, श हे सगळं कानाला टोचायला लागतं. दोन स्पीकरसमोर बसून ऐकायची खोली असेल तर टोक दोन स्पीकरच्या मधोमध समोर धरावं आणि ० अंशाची फाइल लावावी. होम थिएटरमध्ये स्पीकर चहूबाजूंना असतात, तिथे टोक वर आणि फाइल ९० अंशाची.

नेटवर एखाद्या मॉडेलची फिरती फाइल मिळते, ती दुसऱ्या कुणाच्या तरी माइकची असते. तिच्यावर विसंबण्यापेक्षा फाइल न लावता फक्त ३०० हर्ट्झच्या खालचंच वाचावं. आणि मिळालेली फाइल एक्सेल किंवा वर्डमध्ये उघडून सेव्ह करू नका. आतली मांडणी बदलते आणि सॉफ्टवेअर ती वाचत नाही.

पाचवी पायरी: कोणता घ्यावा

यूएसबीत मिनीडीएसपीचा यूमिक-१ हा घरच्या कामाचा सर्वांत सोपा पर्याय. सिरियल क्रमांक टाकला की कंपनीच्या संकेतस्थळावरून ० आणि ९० अंशांच्या दोन्ही फाइली मिळतात, रूम ईक्यू विझार्ड त्याला जोडल्या जोडल्या ओळखतं, आणि जगभर इतक्या लोकांकडे तो आहे की कुठलीही अडचण आली तर आधी कुणी तरी सोडवलेली असते. तो ४८ किलोहर्ट्झवर चालतो आणि खोलीसाठी तेवढं भरपूर आहे. त्याचा मोठा भाऊ यूमिक-२ मोठ्या कॅप्सूलचा, स्वतःची खरखर कमी असलेला आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंत जाणारा आहे. स्पीकर स्वतः डिझाइन करणाऱ्यांना तो उपयोगी. केवळ खोलीसाठी त्याच्यावर जादा पैसे घालू नयेत. डेटन ऑडिओचा यूएमएम-६ यूएसबीतच आहे आणि त्याचीही फाइल सिरियल क्रमांकावरून मिळते.

एक्सएलआरमध्ये डेटनचाच ईएमएम-६ हा पैसा वसूल करणारा माइक, नगागणिक फाइलसह. सोनारवर्क्सचा माइक त्यांच्या साउंडआयडी रेफरन्स या सॉफ्टवेअरसोबत विकला जातो, पण त्याच्या नगाची फाइल मिळत असल्यामुळे तो इतर सॉफ्टवेअरमध्येही चालतो. बेहरिंगरचा ईसीएम८००० सहज मिळणारा आणि स्वस्त. त्याची अडचण फाइलची. नगाची स्वतंत्र फाइल सहसा हातात पडत नाही. बेससाठी बिनधास्त घ्या, वरच्या पट्ट्यावर त्याच्या जोरावर निर्णय घेऊ नका.

फोनला लावायचे डेटनचे आयएमएम-६ सारखे बारके माइक प्रवासात, एखाद्या हॉलमध्ये पटकन अंदाज घ्यायला बरे. मुख्य माइक म्हणून ते घेऊ नयेत. त्यापुढे बायरडायनॅमिक एमएम१, अर्थवर्क्स एम२३ असे माइक येतात. हे रोज सिस्टीम जुळवून पोट भरणाऱ्यांचे. आणि डेन्मार्कच्या ब्रुएल अँड केअरचे प्रयोगशाळेचे माइक ही तर वेगळीच दुनिया, जिथे न्यायालयात किंवा सरकारी अहवालात टिकणारा आकडा लागतो.

यातले बरेच माइक भारताबाहेरून येतात. मूळ किंमत, टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून दारात पोचेपर्यंत किती पडतो त्याची तुलना करा. परदेशातून कुणी येणार असेल तर हलकी वस्तू आहे, सामानात सहज मावते. जुना माइक घ्यायचा तर सिरियल क्रमांकाचा फोटो आधी मागवा, त्याची फाइल संकेतस्थळावर सापडते का ते बघा आणि मगच पैसे द्या.

तांत्रिक माहितीच्या कागदावर २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ हे सगळेच लिहितात, त्यावरून काही ठरवू नका. माइकची स्वतःची खरखर किती, यावरून स्वस्त माइकला नावं ठेवली जातात. ती तक्रार खरी आहे, पण आपल्या कामात आड येत नाही. आपण ७५ ते ८० डेसिबलवर स्वीप, म्हणजे खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत सरकत जाणारा आवाज, वाजवतो, आणि २००० मध्ये इटलीतल्या पार्मा विद्यापीठाच्या अँजेलो फरिना यांनी मांडलेल्या स्वीपच्या पद्धतीत बाहेरचा गोंगाट हिशोबातून बऱ्यापैकी गाळला जातो. स्वीपची लांबी दुप्पट केली की आणखी ३ डेसिबलचा फायदा. रात्रीच्या शांततेत स्टुडिओचा गोंगाट किती हे मोजायचं असेल, तेव्हाच कमी खरखरीचा माइक लागतो.

सहावी पायरी: हातात आल्यावर तपासणी

परतीची मुदत संपायच्या आत हे करा. माइकवरचा सिरियल क्रमांक आणि फाइलमधला क्रमांक शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतो ना, ते पाहा. सॉफ्टवेअरमध्ये फाइल लावा. पंखा बंद करून, काहीही न वाजवता आरटीए, म्हणजे आवाजाचा चालू आलेख दाखवणारी खिडकी, सुरू करा. ५०, १०० आणि १५० हर्ट्झला उभ्या सुया दिसल्या तर वीजपुरवठ्याची गुणगुण आत शिरते आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा ती तिथूनच येते. चार्जर काढूनही राहिली तर इमारतीचा पाण्याचा पंप चालू नाही ना, हे कान देऊन ऐका.

मग एका स्पीकरवर स्वीप घ्या आणि काहीही न हलवता लगेच पुन्हा घ्या. दोन्ही रेघा एकीवर एक अशा बसल्या पाहिजेत की एकच दिसावी. नाही बसल्या तर वायर, स्टँड किंवा खोलीत काहीतरी ढिलं आहे.

तिसरी परीक्षा माइकच्या ओम्नीपणाची, आणि ही मला सर्वांत आवडते, कारण तिला काहीही उपकरण लागत नाही. टोक स्पीकरकडे ठेवून एक स्वीप घ्या. आता माइक नव्वद अंशांत फिरवून टोक छताकडे करा, पण कॅप्सूल, म्हणजे अगदी पुढचं भोक, हवेत होतं त्याच बिंदूवर राहिलं पाहिजे. स्टँडवरून दोरा लोंबकळत सोडून तो बिंदू आधी खुणावून ठेवा. पुन्हा स्वीप. फाइल दोन्ही वेळा काढून ठेवलेली असू द्या. एक किलोहर्ट्झच्या खाली दोन रेघा चिकटून गेल्या आणि त्यानंतर हळूहळू फाकत वर दुसरी खाली उतरत गेली, तर माइक नीट आहे. २०० हर्ट्झलाच फाकल्या तर एक तर बिंदू सरकला, नाही तर माइक परत करायचा.

सातवी पायरी: पहिली मोजणी

माइकसोबत येणारा टेबलावरचा इवलासा तिवई-स्टँड बाजूला ठेवा. टेबलाच्या पृष्ठभागावरून परतणारा आवाज आलेख बिघडवतो. फरशीवर उभा राहणारा, आडवा दांडा असलेला बूम स्टँड घ्या. दांडा लांब काढा, म्हणजे स्टँडचा खांब कॅप्सूलपासून दूर राहील.

कॅप्सूल तुमच्या कानांच्या उंचीवर, डोक्याच्या मधोमध जिथे येईल तिथे हवी. खुर्चीवर बसणाऱ्याचे कान जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतात. सतरंजीवर बसून ऐकत असाल तर बसा आणि टेपने मोजून घ्या, खुर्चीची उंची तिथे चालणार नाही. उंची बदलली की स्लॅब आणि फरशीमधला तो ५९ हर्ट्झचा सूर वेगळा दिसतो. खुर्ची बाजूला करा आणि तुम्हीही माइकमागे उभे राहू नका. लॅपटॉप घेऊन दारापाशी जा.

पंखा आणि एसी बंद, खिडक्या नेहमी ऐकताना जशा असतात तशा. वेळ रात्रीची निवडा. खोल्यांच्या ध्वनिशास्त्राचा पाया घालणारे वॉलेस सॅबाइन १८९५ पासून हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातलं घुमणारं व्याख्यानगृह रात्रीच मोजत असत, शहराची रहदारी थांबल्यावर, ऑर्गनची नळी, स्टॉपवॉच आणि स्वतःचे कान एवढ्या सामग्रीवर. बसण्याच्या गाद्या आत-बाहेर करून त्यांनी जे सूत्र काढलं ते आजही वापरात आहे.

रूम ईक्यू विझार्ड जॉन मलकाही यांनी लिहिलेलं आहे, फुकट मिळतं आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. स्वीपची सुरुवात २० हर्ट्झ, शेवट २० किलोहर्ट्झ. लांबी २५६ के (इतके नमुने) ठेवली तर ४८ किलोहर्ट्झवर स्वीप साडेपाच सेकंदांच्या आसपास चालतो. पातळी कानाशी ७५ डेसिबलच्या आसपास आणा, सॉफ्टवेअर क्लिपिंगची, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊन कापला जात असल्याची, सूचना देत नाही ना ते पाहा. आधी फक्त डावा स्पीकर, मग फक्त उजवा, मग दोन्ही. सबवूफर असेल तर तो एकटाही. प्रत्येक मोजणीला लगेच नाव द्या: कोणता स्पीकर, कोणती जागा, दार उघडं की बंद. दुसऱ्या दिवशी बिननावाच्या दहा रेघांतून काहीही उमगत नाही.

एकाच बिंदूवर भरवसा ठेवू नका. डोकं हलतं त्या परिसरात, एकेका वितीच्या अंतरावर पाच-सहा जागी मोजा आणि सरासरी काढा. जी लकब सगळ्या जागी दिसते तीच दुरुस्त करण्यालायक. जी एकाच जागी दिसते तिच्यामागे लागू नये. पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांचा सलग सळसळाट) वाजवत ठेवून माइक हातात धरून त्या परिसरात संथ फिरवायचा आणि आरटीएने सरासरी काढायची, ही दुसरी पद्धतही चांगली आहे. ईक्यू ठरवायला ती पुरते, आवाज विरतो कसा हे मात्र त्यातून कळत नाही.

आठवी पायरी: आलेख वाचताना

बेस पाहताना स्मूदिंग (रेघ गुळगुळीत करणारी सोय) बंद ठेवा किंवा १/४८ सप्तक ठेवा. ३०० हर्ट्झच्या वर १/६ करा, नाही तर भिंतींवरच्या परावर्तनांचे काटे बघून घाबरायला होतं.

वर आलेला फुगवटा ईक्यूने खाली आणता येतो. पडलेला खड्डा बहुतेक वेळा ईक्यूने भरत नाही. खड्डा म्हणजे थेट आवाज आणि परतलेला आवाज यांनी एकमेकांना मारलेलं असतं, तिथे जेवढं जास्त ओताल तेवढंच जास्त मारलं जातं, आणि दरम्यान स्पीकरवर विनाकारण ताण येतो. खड्ड्याचा उपाय जागा बदलणं. स्पीकरचा पुढचा भाग स्पीकरच्या मागच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर त्या भिंतीमुळे १४३ हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, एक मीटरवर असेल तर ८६ हर्ट्झला. ३४३ ला अंतराच्या चौपटीने भागायचं. तुमच्या आलेखातल्या खड्ड्याचा आकडा या गणिताशी जुळला की कारण सापडलं. स्पीकर भिंतीजवळ सरकवून पुन्हा स्वीप घ्या, खड्डा वरच्या सुरांकडे सरकताना डोळ्यांना दिसतो.

ऐकण्याची जागा खोलीच्या लांबीच्या अगदी मध्यावर असेल तर ४७ हर्ट्झचा तो पहिला सूर तिथे जवळजवळ ऐकूच येणार नाही. तुमच्या समोरच्या, म्हणजे स्पीकरमागच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसून सुरुवात करा, बारा फुटांत ते साधारण १.४ मीटर येतं. मग माइक एकेक वीत पुढे-मागे नेत मोजा आणि सर्वांत सपाट बेस मिळेल तिथे खुर्ची ठेवा.

वॉटरफॉल आलेखात कोणता सूर रेंगाळतो ते दिसतं. आपल्याकडे भिंती विटांच्या किंवा काँक्रीटच्या, खाली टाइल्स. असा कडक खोका बेस आत कोंडून ठेवतो. पातळ फोम किंवा अंड्यांचे ट्रे लावून ४७ हर्ट्झचं काहीही होत नाही, त्यांनी फक्त वरचा आवाज मारला जातो आणि खोली आणखीच बेसाळ वाटते. कोपऱ्यांत जाड रॉकवूल, भरलेलं पुस्तकांचं कपाट, गाद्यांचा दिवाण या गोष्टींपासून सुरुवात करा.

बदल एका वेळी एकच करा. माइकच्या जागी फरशीवर चिकटपट्टीने खूण करून ठेवा, स्टँडचे तिन्ही पाय खुणेवर आणि कॅप्सूलची उंची वहीत लिहिलेली. नवी मोजणी जुन्या रेघेवर ठेवून बघा, मग ऐका, मग पुढचा बदल. ईक्यूची पाळी सर्वांत शेवटी, तीही फक्त ३०० हर्ट्झच्या खालच्या दोन-तीन फुगवट्यांपुरती.